पीटीच्या तासाची वहिवाट

प्राथमिक शाळेतला पीटीचा तास म्हणजे लातूरच्या औसा रोडवरचा मोकळा प्लॉट. उताऱ्यावर नाव एकाचं, वहिवाट सगळ्या गल्लीची. गणिताच्या बाईंचा भागाकार उरला की त्या तो तिथं आणून टाकतात. इंग्रजीच्या सरांची चाचणी तिथंच उरकते. जंताच्या गोळ्या तिथंच वाटल्या जातात, आधार कार्डावरचं नाव आणि हजेरीतलं नाव जुळतं का हे तिथंच बघितलं जातं, आणि कुणी साहेब येणार असतील तर स्वागतगीताची तालीमही तिथंच होते. मूळ मालक, म्हणजे खेळ, कधीतरी शनिवारी येतो आणि लांबूनच प्लॉट बघून जातो.

यात गुरुजींना दोष द्यावा असं काही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान हवं म्हटलं, खेळाचं साहित्य हवं म्हटलं. शिकवायला माणूस मात्र सहावीपासून पुढं दिला, तोही पट शंभराच्या वर असेल तरच, आणि तोही अर्धवेळ. ‘अंशकालीन निदेशक’ हे त्याचं सरकारी नाव. नाव एवढं भारदस्त की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस धरणाचे दरवाजे उघडत असेल. पहिली ते पाचवीच्या लेकरांच्या वाट्याला तो अंशानंही येत नाही. त्यांनी पळायचं ते वर्गशिक्षकाच्या भरवशावर. तोच मराठी, तोच गणित, तोच परिसर अभ्यास, तोच खिचडीच्या तांदळाचा हिशोब, तोच मतदार यादीचा बीएलओ, आणि एवढं करून उरलाच तर तोच पीटी. दुपारी तीनला तो शिट्टी फुंकतो तेव्हा तिच्यातून आवाज कमी आणि उसासा जास्त निघतो.

त्यातून हा मुलूख लातूर-नांदेडचा. २०२५ च्या दहावीला राज्यात २११ जणांना शंभर टक्के गुण पडले, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागाचे. लातूर, नांदेड आणि धाराशिव मिळून हा विभाग. बाकीच्या महाराष्ट्रानं तोंडात बोट घातलं. आमच्याकडं मात्र दोन दिवस चर्चा चालली ती अशी, की उरलेले ९८ बाहेर कसे गेले. यातली खरी गंमत पुढंच आहे. शंभर टक्क्यांचा डोंगर चढताना शेवटची दोन-चार पावलं पुष्कळांना खेळाच्या, चित्रकलेच्या, नाहीतर लोककलेच्या वाढीव गुणांनी चढवलेली असतात. म्हणजे खेळाला आमचा विरोध नाही. खेळाचे गुण मिळणार असतील तर आम्ही खेळाचा आदरच करतो. फक्त त्यात फार खेळावं लागू नये.

ही दहावीची गोष्ट झाली, प्राथमिकच्या लेकरांना काय त्याचं, असं पुण्याकडचा माणूस विचारेल. त्याला नवोदय ठाऊक नसावं. पाचवीत असताना परीक्षा, सहावीत प्रवेश, आणि एका जिल्ह्याच्या नवोदयात दरसाल जागा जेमतेम ८०. नांदेड जिल्ह्याचं नवोदय शंकरनगरला. तिथं लेकरू लागलं म्हणजे घराण्याचं नाव निघालं. तेव्हा तिसरीपासूनच आकृत्यांतली वेगळी आकृती ओळखायची तयारी सुरू होते. सकाळी क्लास, मग शाळा, मग शिष्यवृत्तीचा क्लास. मधल्या वेळात लेकरू क्लासकडून शाळेकडं आणि शाळेकडून क्लासकडं पळतं, तेवढंच त्याचं धावणं. लातूरच्या उद्योग भवनाच्या बाजूला किंवा नांदेडच्या श्रीनगरात संध्याकाळी उभं राहून बघा. अर्धं शहर पाठीला दप्तर लावून जोरात चाललेलं असतं आणि कुणाच्याही चेहऱ्यावर खेळून आल्याची खूण नसते. त्याच वेळी त्यांचे वडील डॉक्टरांनी सांगितलं म्हणून क्रीडा संकुलाच्या ट्रॅकवर चकरा मारत असतात. लहानपणी न खेळलेला पीटीचा तास माणसाला पंचेचाळिशीनंतर भरून द्यावा लागतो, आणि तेव्हा गणिताच्या बाईंना देऊन टाकायचीही सोय नसते.

दप्तराचा व्यायाम मात्र सक्तीचा. लेकराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत दप्तर असावं, असं सरकारनं २०१५ साली ठरवलं. वीस किलोच्या पोराला दोन किलो. आता पाण्याची बाटली एक किलो आणि डबा अर्धा किलो धरला तर ज्ञानासाठी अर्धा किलो उरतो. त्यावरही उपाय निघाला. २०२३ साली बालभारतीनं पुस्तकांचे चार भाग केले आणि पुस्तकातच कोरी पानं घातली, म्हणजे वही न्यायला नको. लेकरांनी पुस्तक नेलं. वहीही नेली, कारण बाईंना वही तपासायची होती. कोऱ्या पानांवर विमानं, ट्रॅक्टर आणि बाईंची चित्रं निघाली. दोन वर्षांनी कोरी पानं गेली, दप्तर आहे तिथंच आहे. एका आजोबांचं म्हणणं असं, की पूर्वी तालमीत पाठीवर माणूस घेऊन जोर मारायचे, आता लेकरं बालभारती घेऊन जिना चढतात, फरक कुठाय?

पण सरकारला लेकरांच्या तब्येतीची काळजी नाही असं कुणी म्हणू नये. काळजी आहे, आणि तिचं एक अ‍ॅपसुद्धा आहे. खेलो इंडियाच्या चाचण्यांत पाच ते आठ वर्षांच्या लेकरांचं तीन गोष्टींत माप घेतात. उंची-वजनाचा बीएमआय, प्लेट टॅपिंग, आणि एका पायावर साठ सेकंद तोल सांभाळायचा फ्लेमिंगो. किती वेळा पडला ते मोजायचं. एका वस्तीशाळेतल्या गुरुजींनी वर्गाला समजावून सांगितलं, “फ्लेमिंगो म्हणजे गुलाबी बगळा. तो एका पायावर उभा राहतो.” मागून एकानं विचारलं, “गुर्जी, त्येला कुणी उभं केलंय?”

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडं एका पायावर उभं राहायचं ते पाढे न आल्यावर. मराठवाड्याच्या चार पिढ्यांनी वर्गाबाहेर, भिंतीला न टेकता, तासतासभर फ्लेमिंगो चाचणी दिलेली आहे. नोंद तेवढी कुणी ठेवली नाही. शिक्षण हक्क कायद्यानं ती शिक्षा बंद केली आणि दहाएक वर्षांत ती चाचणी होऊन शाळेत परत आली. अजूनही हुशार पोराला एका पायावर उभं राहा म्हटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. “मी काय केलो सर?”

प्लेट टॅपिंगचं तसं नाही. दोन तबकड्या ठेवायच्या, मध्ये एक हात ठेवायचा, आणि दुसऱ्या हातानं इकडून तिकडं, तिकडून इकडं पंचवीस फेऱ्या मारायच्या. मोबाइलवर वाढलेली पिढी यात जगाला ऐकत नाही. बीएमआय मात्र घरात भांडणं लावतो. लेकराच्या नावापुढं ‘वजन कमी’ असा शेरा पडला की दुसऱ्या दिवशी आजी शाळेच्या फाटकात हजर. “आमच्या घरी काय खायला नाही व्हय?” शेरा ‘वजन जास्त’ असा पडला तर कुणी येत नाही. ते खात्यापित्या घरचं लक्षण समजतात आणि नातेवाइकांत सांगतात.

आजी हा प्राथमिक शाळेच्या शारीरिक शिक्षणातला सगळ्यात मोठा घटक. अंशकालीन नाही, पूर्णवेळ. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते तेव्हा नऊलाच ऊन चटके देतं. गुरुजींनी मैदानाला एक चक्कर मारायला लावली की कुंपणापलीकडून आवाज येतो, “सर, लेकराला उन्हात कशाला पळवूलालाव? सावलीत बसवून पळवा की!” ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण पीटीच्या तासाचा निम्मा अभ्यासक्रम आज याच पद्धतीनं चालतो. वर्गात बसून खो-खोचे नियम लिहून घ्यायचे, मैदानाची आकृती पट्टीनं आखायची, खांबाची उंची पाठ करायची. लेकरं खो-खोच्या खांबाची उंची सांगू शकतात. खांब बघितलेला नसतो.

पांढऱ्या गणवेशाचं तर मला कळतच नाही. शनिवारी पीटी म्हणून पांढरा शर्ट, पांढरी चड्डी, पांढरे कॅनव्हासचे बूट. ज्यानं कुणी हे ठरवलं त्यानं मराठवाड्याची काळी माती बघितली नसावी. ही माती कपड्याला लागत नाही, ती कपड्यात राहायला येते. आईनं शुक्रवारी रात्री बुटाला खडू फासलेला असतो. म्हणून शनिवारी सकाळी पहिली सूचना कुठली? “मातीत बसायचं नाही, पळायचं नाही, कपडे खराब करायचे नाहीत.” एवढं सांगून झालं की शारीरिक शिक्षण सुरू.

२१ जूनचा योग दिवस त्या मानानं सोयीचा. शाळा नुकती उघडलेली असते, अभ्यास अंगावर आलेला नसतो, आणि पाऊस आला असेल तर व्हरांड्यात सतरंज्या टाकतात. ताडासनात पहिलीची रांग वाऱ्यावर डुलते. वृक्षासनात एक पडला की रांग पडते. शवासन मात्र पहिली ते पाचवी, सगळ्यांना पहिल्या प्रयत्नात जमतं. दोघंतिघं ते संपल्यावरही सोडत नाहीत, त्यांना उचलून वर्गात न्यावं लागतं. तोवर सर खुर्चीवर चढून फोटो काढत असतात, कारण बाराच्या आत केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो पडला पाहिजे. फोटोत सगळ्यांचे हात वर पाहिजेत. एका वर्षी एका शाळेचा फोटो बरा येईना, म्हणून लेकरांना ताडासन अकरा वाजेपर्यंत धरून ठेवावं लागलं होतं. तेवढा योग पतंजलीनंही मागितला नसता.

खरी शर्यत बघायची असेल तर दुपारच्या सुटीत जावं. घंटेचा पहिला टोला पडतो आणि हातात ताट घेतलेली दीडशे लेकरं खिचडीच्या पातेल्याकडं सुटतात. इथं शिट्टी लागत नाही, सावधान-विश्राम लागत नाही, ऊन लागत नाही, आजीही अडवत नाही. मोजणारा कुणी असता तर त्या पन्नास पावलांत जिल्ह्याचे विक्रम रोज मोडले असते. पहिली ते पाचवीच्या ताटात १०० ग्रॅम तांदळाचा हिशोब, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं शासनाचं प्रमाण. प्रथिनं डाळीत असतात. आमच्या निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण खिचडीत डाळीचं मानांकन शोधायला भूगोलच कामाला येतो. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. अर्धापूर जवळ असल्यानं नांदेडला केळ्यांची अडचण नव्हती. अडचण अशी झाली, की बुधवारी खाणारे कोण आणि न खाणारे कोण हे लेकरांनी बाजारभाव बघून ठरवायला सुरुवात केली. घरी अंडं वर्ज्य असलेले दोघं शाळेत ‘आम्ही खातो’ म्हणून उभे राहिले, आणि घरी रोज अंडं खाणारा एक केळ्यासाठी शाकाहारी झाला. २०२५ च्या सुरुवातीला सरकारनं त्यासाठीचा हात आखडता घेतला आणि सगळ्यांचा धर्म पूर्ववत झाला.

शक्तीचं म्हणाल तर ती आमच्याकडं पाण्यानं दिली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. देशभरातून टीव्हीवाले त्या गाडीचं चित्रीकरण करायला आले. त्यांना डबे दिसले. टाकीपासून घरापर्यंत घागरी ओढणारी तिसरी-चौथीतली लेकरं दिसली नाहीत, कारण ती फारच जोरात चालली होती. पाण्याच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. खो-खोला नऊ लागतात. लेकरांनी त्यावर लंगडी काढली, तीही भरलेली कळशी हातात घेऊन, सांडेल तो बाद. त्या खेळाचा कुठल्याही क्रीडा संचालनालयात उल्लेख नाही.

आणि माळेगाव. प्राथमिकच्या लेकरांना कुठलंही परिपत्रक न काढता शारीरिक शिक्षण कसं द्यावं हे बघायचं असेल, तर मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जावं. उंट, घोडे, गाढवं, तमाशाचे फड हे सगळं ओलांडून कुस्त्यांच्या फडाकडं यावं. जत्रेतला फड कुठलाही असो, मोठ्या पैलवानांच्या आधी तिथं रेवडीवरच्या कुस्त्या लागतात. सहा-सात वर्षांची पोरं, कमरेला मोठ्या भावाचा लंगोट तीनदा गुंडाळलेला, अंगावर नुसती हाडं. हलगी वाजायला लागली की त्या हाडांत काय संचारतं कुणास ठाऊक. एकमेकांचं वजन विचारत नाहीत, बीएमआय विचारत नाहीत. पंच म्हणून एखादा म्हातारा असतो, त्याच्या कानाची पाळी जुन्या कुस्त्यांत चेंदलेली. तो पोरांना जोड लावून देताना नुसती दंडाची पेशी दाबून बघतो आणि त्याचं गणित चुकत नाही. चितपट झालेलं पोर रडतं, जिंकलेलं पोर रेवड्या घेतं. मग दोघं मिळून त्या खातात, कारण रडणाऱ्याचं घर शेजारीच असतं. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल कालवलेलं असतं, ती अंगाला लावून घरी आलेल्या लेकराला कुठलीही आजी रागावत नाही. उलट दृष्ट काढते.

निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार अशाच मातीतून उठून कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत गेले आणि १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. अर्जुन पुरस्कार मिळवणारे काका पवारही लातूर जिल्ह्याचेच. आता या दोघांच्या शाळेतल्या प्रगतिपुस्तकात शारीरिक शिक्षणापुढं काय लिहिलं होतं हे बघायची मला फार इच्छा आहे. आजच्या पद्धतीनं लिहिलं असतं तर ते ठरलेलंच असतं. प्रत्येक लेकराची वर्णनात्मक नोंद करायची असते, आणि नोंदींची तयार यादी मिळते. ‘खेळात उत्साहाने भाग घेतो.’ ‘खेळाचे नियम पाळतो.’ ‘सहकाऱ्यांना मदत करतो.’ चौथीत वर्षभर पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एका पोराला मिळालेली नोंद मी वाचली आहे: ‘धावण्याच्या शर्यतीत विशेष रुची.’ रुची होती हे खरंच होतं. खिडकीत बसून त्यानं सगळ्या शर्यती बघितल्या होत्या.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचा झेंडा धरून दोन खेळाडू चालले. एक सुमित अंतिल, दुसरी नांदेड जिल्ह्याची गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव. नांदेडला पोस्टर लागले, पेढे वाटले गेले, व्हॉट्सअ‍ॅपवर ती आमच्याच गल्लीची आहे असं निदान सात गल्ल्यांनी कळवलं. ओळखीच्या एका शाळेतही उत्साह होता. सरांनी दुसऱ्याच दिवशी पीटीचा तास पीटीसाठीच राखून ठेवला. लेकरं मैदानाकडं निघाली, तर सरांनी फळ्यावर लिहिलं: ‘माझी आवडती खेळाडू, दहा ओळी’. शाळेच्या कपाटात लोखंडी गोळा होता. तो बाहेर काढला नाही, त्याच्यावर लेखापरीक्षणाचा नंबर होता.

तरीही लेकरं खेळतात. सर निवडणुकीच्या कामाला गेले, बाई प्रशिक्षणाला गेल्या, की शाळेत ‘ऑफ तास’ नावाची जी वस्तू तयार होते, तिच्यात सूरपारंब्या, लगोरी, शिवणापाणी, भोवरा सगळं परत येतं. नियम पाठ केलेले नसतात, पण नियमांवरून होणारी भांडणं तासभर चालतात. धापा कमी आणि भांडणं जास्त लागतात, पण त्यातही छाती फुगतेच. या देशात निवडणुका वाढल्या तर मराठवाड्याच्या लेकरांची प्रकृती सुधारेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

जानेवारीत केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा असतात. लातूरजवळच्या एका गावात गेल्या खेपेला मी त्या बघायला गेलो होतो. लिंबू-चमच्यात लिंबू अंगठ्यानं दाबून धरणारे तिघं बाद झाले, पोत्यांच्या शर्यतीत पोती जिंकली. मग पन्नास मीटर. तिसरीतली एक मुलगी, बूट काढून हातात घेतलेले, कारण नवे होते. शिट्टी वाजली आणि ती सुटली ती रेषा ओलांडून, प्रमुख पाहुण्यांचं टेबल ओलांडून, थेट चिंचेच्या झाडापर्यंत गेली. मागची लेकरं अजून अर्ध्यावर होती. टाळ्या पडल्या. गुरुजींचे डोळे चमकले. मुलीचा बाप गर्दीतून पुढं आला, त्यानं लेकीचे बूट हातात घेतले, झटकले, आणि गुरुजींना बाजूला घेऊन हळूच विचारलं,

“सर, ह्येचे दहावीला किती मार्क धरतेत?”

“अहो, ती तिसरीत हाय अजून.”

“म्हणूनच आत्ता विचारूलालो.”